कारण शोधणाऱ्या सुनंदाताई

फोन डॉ. फरहानाचा होता. मी जेवणाची पानं मांडत होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, आधीच टेबलाशी येऊन बसले होते आणि वाटीतल्या कोशिंबिरीकडे, ही नक्की काय वस्तू आहे अशा नजरेनं बघत होते. फरहाना माझ्या नणंदेच्या, डॉ. सुनंदाताईंच्या दवाखान्यात गेली काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम करते. एरवी ती माझ्याशी हिंदीत भराभर बोलते. त्या दिवशी नुसतं "दीदी" म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मॅडम नहीं रहीं." सकाळचे पेशंट संपवून सुनंदाताई खुर्चीतच जरा मागे टेकल्या होत्या. फरहाना चहा घेऊन आत गेली तेव्हा सगळं संपलेलं होतं. माझा नवरा अविनाश, त्यांचा धाकटा भाऊ, अंगावरच्या कपड्यांनिशी नेहरूनगरच्या दवाखान्याकडे निघाला. मी मागे राहिले, कारण अप्पांना एकटं ठेवता येत नाही. ते शांतपणे जेवले. मी त्यांना वाढत होते आणि मनात एकच विचार होता : यांना हे कसं सांगायचं, हे मी ज्यांना विचारलं असतं, त्याच नेमक्या आता नाहीत...

त्याला काही आठवडे होऊन गेले. भेटायला येणारे सगळे "किती चांगल्या डॉक्टर होत्या" म्हणतात. त्या चांगल्या डॉक्टर होत्याच, पण तेवढ्यानं त्यांची ओळख होत नाही. सुनंदाताई इंदूरच्या. तिथेच शिकल्या, काही वर्षं सरकारी नोकरी केली, बदलीनं भोपाळला आल्या आणि नोकरी सोडून त्यांनी नेहरूनगरला स्वतःचा दवाखाना काढला. खाली दवाखाना, वर त्यांचं घर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी सरळ सांगितलंही असतं. स्वयंपाक त्यांना जमत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. घरच्या प्रत्येक कार्याला त्या उशिरा पोचत. मुंजीला गेल्या तर मुलगा आशीर्वाद घेऊन कंटाळलेला असे, लग्नाला गेल्या तर पंगत उठत आलेली असे. सासूबाई चिडायच्या. ताईंचं उत्तर ठरलेलं होतं : पेशंट बोलत होता. दवाखान्यावरची पाटी साधी फिजिशियनची होती, पण हळूहळू त्यांच्याकडे म्हातारी माणसंच जास्त येऊ लागली. मुलं, सुना, जावई आपल्या घरातल्या वृद्धांना घेऊन येत आणि म्हणत, यांना काही आठवत नाही, यांचं डोकं चालत नाही, यांचा स्वभाव बदललाय. भोपाळातले दुसरे डॉक्टर जिथे दोन मिनिटांत वयावर बोट ठेवून मोकळे होत, तिथे ताई खुर्ची पुढे ओढून बसत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की म्हाताऱ्यांचंच काम का निवडलं. मला वाटलं होतं, घरातलं काही जुनं दुःख असेल, एखाद्या आजोबांचं, एखाद्या मावशीचं. त्या हसल्या. म्हणाल्या, प्रत्येक गोष्टीला घरातलं कारण लागत नाही. तरुण पेशंट घाईत असतात, म्हातारे बोलतात, आणि मला ऐकायला आवडतं. बस, एवढंच.

त्यांचं म्हणणं फार साधं होतं आणि त्या ते न थकता सांगत. विसरणं हे लक्षण आहे, आजाराचं नाव नव्हे. ताप आला म्हणजे जसं तापाचं कारण शोधतो, तसं विसरण्याचंही शोधायला हवं. थायरॉइड असू शकतो, एखादं जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, कानांनी ऐकूच येत नसतं, कुठल्या तरी गोळीनं डोकं बधिर झालेलं असतं, माणूस मनातून पार खचलेला असतो, डोक्याला लागलेला मार कुणाच्या ध्यानात राहिलेला नसतो. आणि हे सगळं तपासून बाजूला ठेवल्यावर, मेंदूच झिजतोय असं निघालं, तर तेही नीट नाव घेऊन सांगायला हवं. "म्हातारपण" या एका शब्दाखाली हे सगळं ढकलून देणं त्यांना सहन होत नसे. हे मी आज इतकं ठामपणे लिहू शकते, कारण त्या ठामपणाचा अनुभव आमच्या घरानं घेतला आहे.

अप्पा मूळचे साताऱ्याचे. इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहिले. उभं आयुष्य भोपाळात गेलं तरी त्यांनी आपल्या मराठीला इथलं वारं लागू दिलं नाही. आम्हां भावंडांना घरात हिंदी शब्द वापरायची बंदी होती. उलट ताईंची मराठी अस्सल इंदुरी, निम्मी हिंदीच्या वळणाची. माझं लग्न झाल्यापासून या दोघांची एक गंमत चाले. ताई येत आणि म्हणत, "अप्पा, मी जरा मार्केटला होऊन आले." अप्पा वर्तमानपत्र खाली न करता म्हणत, "बाजारात जाऊन आले, सुनंदाबाई." ताई मान डोलावत आणि पुढच्या वाक्यात मुद्दाम तसंच काही तरी ठेवून देत. "तुम्ही काय करून राहिले?" अप्पांना ते मुद्दाम आहे हे कळत असे, तरी ते दुरुस्त केल्याशिवाय राहत नसत.

आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे, अरेरा कॉलनीत राहायला आले. त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत ते मंदावत गेले. पेपर तासन्‌तास हातात, पण पान तेच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या उशिरा येई की तोवर विचारणारा उठून गेलेला असे. नळ उघडा राही, चष्मा फ्रिजमध्ये सापडे. चालणं बिघडलं, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघे झिजलेत असं सांगितलं. लघवी रोखता येईना, कपडे खराब व्हायला लागले, तेव्हा अविनाश त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथून एक गोळी सुरू झाली. आणि विसरण्यासाठी तिसरे डॉक्टर. त्यांनी अप्पांना नाव आणि वार विचारला, वार चुकला, आणि उम्र का असर म्हणून स्मरणशक्तीचं औषध लिहून दिलं. झोप लागत नाही म्हणून आणखी एक गोळी आली. ताई घरच्याच असून आम्ही त्यांना का विचारलं नाही, असं कोणीही म्हणेल. अप्पांनी मला बजावलं होतं. मुलीच्या सासरच्या माणसांपुढे आपल्या ओल्या पायजम्यांची चर्चा त्यांना नको होती. आणि ताईंचाही नियम होता की नातेवाइकांनी विचारल्याशिवाय त्यांच्या तब्येतीत नाक खुपसायचं नाही.

तो नियम त्यांनी दिवाळीत मोडला. फराळाला आल्या होत्या, अर्थातच सगळे उठल्यावर. अप्पांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, मी कालच इंदूरला होऊन आले." अप्पा म्हणाले, "बरं झालं." बस, एवढंच. मी चकल्या काढत होते, माझ्या ते लक्षातही आलं नाही. ताईंनी मात्र हातातली बशी खाली ठेवली. थोड्या वेळानं म्हणाल्या, अप्पा, मला फाटकापर्यंत सोडायला चला. मी म्हटलं, त्यांना चालवत नाही फारसं. त्या म्हणाल्या, म्हणूनच चला. मी मागून बघत होते. अप्पा पाय उचलतच नव्हते, जमिनीला चिकटलेले असावेत तसे घासत, पायांत अंतर ठेवून चालत होते. फाटकापाशी वळायचं होतं, तर जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत, एखादं जड कपाट सरकवावं तसं त्यांनी स्वतःला वळवलं. ताई त्यांचा हात न धरता, पण अगदी जवळून चालत होत्या. त्यांना खुर्चीत बसवल्यावर मला बाहेर घेऊन आल्या आणि विचारलं, "मंजिरी, नीट आठवून सांग. आधी काय बिघडलं? चालणं, की विसरणं?"

हा प्रश्न तोपर्यंत मला कोणीही विचारला नव्हता. मी आठवत राहिले. आईच्या वर्षश्राद्धाला अप्पांना ओट्यावरून खाली उतरता येईना, दोघांनी धरलं होतं. तेव्हा त्यांना सगळ्यांची नावं येत होती, गुरुजींना त्यांनी एका उच्चारावरून टोकलंही होतं. म्हणजे चालणं आधी. मग लघवी. मग डोकं. ताई म्हणाल्या, मेंदू झिजण्याचा जो नेहमीचा आजार, त्यात सहसा उलटं होतं. आधी आठवण जाते, पाय बरेच नंतर. इथे तीन तक्रारी तीन डॉक्टरांकडे गेल्या आणि प्रत्येकानं आपापला तुकडा बघितला. कदाचित या तिन्हींचं कारण एकच असेल. असेलच असं नाही म्हणत मी, पण बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांना नेहरूनगरला बोलावलं. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायला सांगितली, सर्दीची, पोटाची, जुनी, उरलेली, सगळी. मला आणि अविनाशला बाहेर बसवलं आणि त्या अप्पांशी बराच वेळ एकट्याच बोलल्या. काय बोलल्या ते मला नंतर अप्पांनीच सांगितलं. लघवीबद्दल त्यांनी इतकं सहज विचारलं की लाजायला वेळच मिळाला नाही. मग कान तपासले, रक्त काढून घेतलं, वजनाची चौकशी केली, आई गेल्यावर रडला होतात का, असंही विचारलं. पिशवीतल्या दोन गोळ्या त्यांनी बाजूला काढल्या. लघवीची गोळी आणि झोपेची गोळी, दोन्ही म्हाताऱ्या मेंदूवर धुकं आणतात असं सांगून त्या हळूहळू बंद करायला लावल्या. त्या लघवीच्या डॉक्टरांशी त्यांनी आधी फोनवर बोलून घेतलं. कुणाचा अपमान करून आपलं म्हणणं पुढे रेटणं त्यांना आवडत नसे. दोन आठवड्यांत अप्पांच्या डोळ्यांत थोडी जाग आली. चालणं मात्र तसंच राहिलं.

नेमका त्याच सुमारास माझा मोठा भाऊ, श्रीकांतदादा, पुण्याहून आला. त्यानं तिकडे वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत जागा बघून ठेवली होती आणि अप्पांना घेऊनच जायचं ठरवलं होतं. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. मला किती दिवस हे झेपणार, याची त्याला काळजी होती. ताई आल्या तेव्हा आम्ही बसलोच होतो. दादानं त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी आदरानं. शेवटी म्हणाला, "ताई, ऐंशीला आलेत ते. वय झालंय. आता कारण शोधून काय करायचं?"

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "वय झालंय ते मलाही दिसून राहिलं, श्रीकांत. पण ते उत्तर नाही, ती जन्मतारीख आहे. मला एक महिना दे. काही नाही निघालं, तर मी स्वतः तुझ्यासोबत त्यांना पुण्याला सोडायला येईन."

दादानं महिना दिला. रक्ताच्या तपासण्यांमध्ये विशेष काही निघालं नाही. मग मेंदूचा फोटो झाला. ताईंनी तो आम्हाला खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या प्रत्येकाच्याच असतात, ते पाणी सतत तयार होतं आणि सतत निचरून जातं. अप्पांच्या त्या पोकळ्या फुगलेल्या होत्या. निचरा नीट होत नसावा. पण म्हाताऱ्या मेंदूत नुसत्या झिजेनंही त्या मोठ्या दिसतात, म्हणून फोटो पुरेसा नाही, असं त्यांनी लगेच सांगितलं. आता इस्पितळात एक तपासणी करायची. पाठीच्या कण्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि बघायचं, चालण्यात फरक पडतो का. पडला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. नाही पडला, तर पुण्याची संस्था आहेच.

ती सकाळ मला अगदी लख्ख आठवते. इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये सर्जननी अप्पांना आधी चालायला लावलं. तेच घासत चालणं, तेच कपाट सरकवल्यासारखं वळणं. मग आत नेऊन पाणी काढलं, काही वेळ झोपवून ठेवलं आणि दुपारी पुन्हा उभं केलं. सर्जन म्हणाले, "बाबूजी, ज़रा चलकर दिखाइए." अप्पा उभे राहिले. पहिली दोन पावलं तशीच पडली. मग पाय उचलला गेला... स्वच्छ उचलला गेला, टाच आधी टेकली, मग चवडा. ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले आणि वळले, माणसं वळतात तसे वळले. दादा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ना टाळ्या वाजवल्या, ना आमच्याकडे विजयानं पाहिलं. अप्पा जवळ आल्यावर एवढंच विचारलं की कसं वाटतंय. अप्पा म्हणाले, पाय माझे वाटतायत.

काढलेल्या पाण्याचा गुण दोन-चार दिवसच टिकतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कायमचा उपाय म्हणजे डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत जाणारी एक बारीक नळी. या वयात भूल देणं, जंतुसंसर्गाची भीती, पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता, यातलं ताईंनी काहीही लपवलं नाही. आणि हे सगळं त्यांनी आम्हाला सांगायच्या आधी अप्पांना सांगितलं. दादा म्हणाला की त्यांना हे समजेल का. ताई म्हणाल्या, सकाळी त्यांचं डोकं चांगलं चालतं, सकाळीच विचारू. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. डोक्यात पंप बसवणार का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, पंप नाही, निचऱ्याची नळी, मध्ये झडप. अप्पा म्हणाले, झडप चांगली बघून घ्या.

शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीचे काही दिवस कठीण गेले. मग फरक दिसायला लागला, आधी पायांत, मग कपड्यांत, आणि सगळ्यात शेवटी बोलण्यात. होळीच्या आसपास ताई घरी आल्या आणि दारातूनच मला म्हणाल्या, "मी आत्ता तलावावर फिरून राहिले होते." आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज आला, "फिरत होते, सुनंदा, फिरत होते." ताई उंबऱ्यातच थांबल्या. मी त्यांना तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि आत जाऊन अप्पांना म्हणाल्या की मग चला, तुम्हीही फिरा. त्या दिवसापासून अप्पा त्यांना सुनंदाबाई म्हणायचे थांबले, नुसतं सुनंदा म्हणू लागले.

त्यानंतरची वर्षं आम्हाला मिळाली. मी ती उधार मिळाली असं म्हणत नाही, ती अप्पांचीच होती, कुणीतरी नीट बघितलं म्हणून त्यांना परत मिळाली. नातीच्या लग्नात ते पुण्याला पंगतीत फिरून लोकांना जिलबीचा आग्रह करत होते. बरखेड्याच्या गणपतीत जुन्या सहकाऱ्यांबरोबर बसून कारखान्यातल्या पहिल्या दिवसांच्या गोष्टी सांगत होते. माझी आई लग्न होऊन पहिल्यांदा भोपाळला आली तेव्हा स्टेशनवर कशी रुसून बसली होती, हे मला त्याच काळात कळलं. दादा तर ताईंचा इतका भक्त झाला की पुण्यातल्या ओळखीच्यांच्या आई-वडिलांची हकीकत फोनवरून त्यांना ऐकवायचा आणि त्या त्याला झापायच्या की फोनवर चालणं दिसत नाही, जवळच्या डॉक्टरकडे ने.

मग, बऱ्याच काळानं, पुन्हा काहीतरी बदलू लागलं. या वेळी पाय ठीक होते. शब्द जात होते. आधी वस्तूंची नावं, मग माणसांची. एका दुपारी अप्पांनी मला विचारलं की तुझी आई बाजारातून कधी येणार. मी ताईंना फोन केला आणि म्हटलं, बहुतेक नळी बंद पडली असेल, झडप बघायला हवी. मला मनापासून तसंच हवं होतं. नळी बंद पडणं ही तेव्हा मला आनंदाची बातमी वाटली असती.

ताईंनी पहिल्यासारखंच सगळं केलं. पहिलं उत्तर माहीत आहे म्हणून दुसऱ्या वेळी तेच असेल, असं त्यांनी गृहीत धरलं नाही, आणि वेगळंच असेल असंही नाही. नळी तपासली, उत्तम चालली होती. रक्त तपासलं. औषधं पुन्हा पिशवीत मागवली. कानांना यंत्र बसवलं, त्यानं थोडा फरक पडला, पण थोडाच. त्यांनी अप्पांना एका तज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे दोन बैठकांत सविस्तर चाचण्या झाल्या, मेंदूचा नवा फोटो झाला, आणि दोघांनी बसून तो जुन्या फोटोशी ताडून पाहिला. मग ताई आमच्या घरी आल्या. मला वाटलं होतं की त्या मला आणि अविनाशला बाजूला घेऊन सांगतील. त्या सरळ अप्पांसमोर बसल्या. त्यांनी आधी विचारलं की तपासण्यांत काय निघालं हे तुम्हाला ऐकायचं आहे का, की मंजिरीला सांगू. अप्पा म्हणाले, मला सांग.

"अप्पा, या वेळी कारण वेगळं आहे," ताई म्हणाल्या. "मेंदूच झिजून राहिला आहे. अल्झायमर म्हणतात त्याला. याला निचरा नाही. औषधानं थोडी मदत होईल, पण हे थांबणार नाही."

अप्पांनी विचारलं, "नक्की?"

"जितकं नक्की होता येतं, तितकं."

"मग आता सुया टोचणं बंद कर," अप्पा म्हणाले. "आणि यांना सांग, मला कुठे कुठे घेऊन फिरू नका."

ताईंनी त्यांना शब्द दिला आणि आमच्याकडून तो पाळून घेतला. त्यानंतर नातेवाईक काय काय सुचवायचे, कुणी केरळचं तेल, कुणी दिल्लीचे डॉक्टर, कुणी परदेशातलं इंजेक्शन. मी डळमळले की त्या म्हणत, कारण माहीत नसतं तेव्हा धावायचं, आता माहीत आहे, आता बसायचं. ताई आमच्याकडे असताना दादानं एकदा स्पीकरवर टाकलेल्या फोनवर रागाच्या भरात विचारलं की असंच व्हायचं होतं तर पहिल्या वेळी एवढा आटापिटा कशाला केला. ताई काही बोलायच्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, तुझ्या मुलीच्या लग्नातले फोटो काढून बघ. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं.

मला ताईंनी जे शिकवलं ते याच काळात. आईबद्दल अप्पांनी विचारलं, तर ती गेली असं दर वेळी सांगू नकोस, त्यांना दर वेळी ते नव्यानं ऐकावं लागतं. तिच्याबद्दल बोल, ती स्टेशनवर रुसली होती ते विचार. पण खोटंही रचू नकोस. नवं दुःख असेल तर एकदा, स्वच्छ शब्दांत, जवळ बसून सांग. ते त्यांचंही आहे, त्यांच्यापासून चोरू नकोस. त्यांच्या या बोलण्याप्रमाणेच मी त्या संध्याकाळी वागले. अविनाश नेहरूनगरहून अजून परतला नव्हता. अप्पांचं तोंड पुसलं, त्यांच्या कानांतली यंत्रं नीट बसवली, समोर स्टूल घेऊन बसले, दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "अप्पा, सुनंदाताई गेल्या."

मला खात्री नव्हती की नाव तरी ओळखतील. गेल्या काही महिन्यांत ते ताईंना कधी माझी आई समजत, कधी साताऱ्याची कुणी बहीण. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ओठ हलले, शब्द सापडेना, पुन्हा हलले. मग त्यांनी विचारलं, "कशानं?"

मी सांगितलं, हृदय थांबलं. खुर्चीत बसल्या होत्या, पेशंट संपले होते, त्रास झाला नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली, एखाद्या गोष्टीचा नीट खुलासा झाल्यावर हलवावी तशी. आणि मग ते रडले, आवाज न करता, बराच वेळ. मीही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं नाही.

नेहरूनगरचा दवाखाना आता फरहाना चालवते. अविनाश वरचं घर आवरायला जातो आणि दर वेळी काही न आवरता परत येतो. आमच्या घरात मात्र एक गोष्ट अजून चालू आहे, ती कोणी ठरवून चालवलेली नाही. ताई रविवारी सकाळी आमच्याकडे यायच्या, दहाला येते म्हणून अकरा-साडेअकराला. अप्पांना वार सांगता येत नाही, महिना नाही, साल तर नाहीच. पण रविवारी ते दाढी करून द्यायला सांगतात. इतर दिवशी दाढी करायची म्हटलं की हात झटकतात, रविवारी स्वतःहून गाल पुढे करतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट मागून घेतात आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत फाटकाकडे तोंड करून बसतात. कदाचित आमच्या उशिरा उठण्यावरून ओळखत असतील, कदाचित शेजारच्या घरातल्या पोह्यांच्या वासावरून. ताई असत्या तर त्यांनी कारण शोधून काढलं असतं.

परवाच्या रविवारीही ते तसेच बसले होते. ऊन चढायला लागलं होतं, म्हणून मी त्यांना आत चला म्हणायला गेले. विचारलं, कोणाची वाट बघताय. त्यांना नाव आठवेना. त्यांनी डोळे मिटून शोधलं, सापडलं नाही, आणि त्याचं त्यांना विशेष काही वाटलंही नाही. फाटकाकडे बोट दाखवून म्हणाले, "येईल. तिला घाई नसते."

मी त्यांना आत नेलं नाही. दोघांचा चहा बाहेर आणला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.